चेअरमनांची तीन बोटं

आमच्या चेअरमनांपुढं होडीवाल्याला होडीवाला म्हणायची सोय नव्हती. लगेच हात वर करायचे. "मॅडम, कॅप्टन म्हणायचं. होडीवाला म्हटलं की माणूस जबाबदारी झटकतो." आता मच्छीमार सोसायटीच्या एकूण होड्या सतरा. त्यातल्या पाच फायबरच्या, बाकीच्या लाकडी, आणि एक तर होडीसुद्धा नव्हे, थर्माकोलच्या ठोकळ्यांना ताडपत्री गुंडाळून केलेला तराफा. त्या तराफ्यावर मांडी घालून बसलेल्या, डब्यानं पाणी उपसणाऱ्या माणसालाही चेअरमन काठावरून हाक मारायचे, "कॅप्टन, या बाजूला घ्या." तो बिचारा मागं वळून बघायचा, आणखी कोण आलंय म्हणून.

सोलापुरातून बाहेर पडलं की अर्ध्या तासावर तो तलाव. मी तिथं सोसायटीच्या ऑफिसात अर्धवेळ क्लार्क होते. बी.कॉम. झालं होतं, घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा बरं म्हणून जुळे सोलापुरातून स्कूटीवर जायची. मला माशाचा वास सहन होत नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं. मुलाखत घ्यायला चेअरमन एकटेच. म्हणाले, "मला पण होत नाही," आणि नोकरी दिली.

ते मूळचे त्याच गावचे, भोयाच्या घरातले. बाप, आजा सगळे याच तलावावर जगलेले. पण ह्यांनी स्वतः उभी नोकरी बसस्टँडवर काढली, कंट्रोलर म्हणून. खिडकीच्या आत माइक, समोर वही, बाहेर भांडणारी जनता. रिटायर होऊन गावी आले तेव्हा सोसायटीत दोन गट एकमेकांच्या उरावर बसले होते. दोघांनी मिळून ह्यांना चेअरमन केलं. हा माणूस खुर्चीत गप बसून राहील, असा दोघांचाही अंदाज होता. अंदाज साफ चुकला.

स्टँडवरचा माइक गेला, पण सवय गेली नाही. काहीही सांगायचं झालं की दोनदा सांगायचे, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. "चहा आलेला आहे. चहा आलेला आहे." समोर मी एकटी असले तरी दोनदा. त्यांच्या मिसेस मला म्हणाल्या होत्या, "बाई, जेवायला जरा उशीर झाला तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगतात, भाकरी वीस मिनिटं उशिरानं धावत आहे. शेजारची माणसं हसतात हो." त्या स्वतःही हसत होत्या म्हणा.

तर अशा माणसाच्या डोक्यात गुणांचं खूळ शिरलं. चेअरमनांच्या पाकिटात प्लॅस्टिक चढवलेलं पेपरातलं एक कात्रण असायचं. परदेशात समुद्रावरच्या बोटींच्या कॅप्टननं मासेमारीचा कायदा मोडला की त्याला म्हणे गुण देतात. चुकीचे गुण. ठरावीक गुण साचले की त्याचा परवाना जातो आणि कॅप्टन काही महिने घरी. हे कात्रण त्यांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत सगळ्यांमधून फिरवलं. म्हणाले, "आजवर आपल्याकडं दंड होता. दंड कोण भरतो? ज्याच्या खिशात आहे तो भरतो आणि दुसऱ्या दिवशी परत बारीक जाळं टाकतो. गुण विकत मिळत नाहीत."

मागून दत्तूनं विचारलं, "चांगलं काम केल्यावर गुन मिळतात, आसं शाळंत सांगितलं हुतं की." दत्तू म्हणजे आमच्याकडचा कायमचा विरोधी पक्ष. चेअरमननी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तक्ता तयार झाला. पावसाळ्यात मासा अंड्यावर असताना जाळं टाकलं तर चार गुण. बॅटरीचा करंट सोडला तर सहा. वीतभरापेक्षा लहान मासा परत न सोडता ठेवून घेतला तर एक. बारीक डोळ्याचं जाळं वापरलं तर दोन. बारा भरले की सोसायटीचा पास जमा, आणि होडी काठावर पालथी, ती पुढचा पावसाळा सरेपर्यंत. हे सगळं ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर. सतरा कॅप्टनांची नावं काळ्या ऑइलपेंटनं आणि प्रत्येकापुढं लाल रेघा. खडू मी सुचवला होता. "खडू पुसता येतो," ते म्हणाले. वर्षभर सरळ वागलेल्याचे तीन गुण कमी व्हायचे, ते पांढऱ्या डिस्टेंपरनं झाकायचे. दोन वर्षांत भिंतीची अशी काही दशा झाली की नवीन येणारा माणूस विचारायचा, गळती आहे का?

पहिल्या वर्षी गुण होडीच्या नंबरवर टाकलेले. दत्तूचे दहा झाले तसे त्यानं होडी मेव्हण्याला दिली आणि मेव्हण्याची कोरी होडी स्वतः घेतली. झालं! सभेत हीऽऽ रणधुमाळी. गुण होडीचे का माणसाचे? दोन तास आरडाओरडा झाल्यावर चेअरमन उठले. "बस उशिरा आली तर मेमो बसला देत नाहीत. ड्रायव्हरला देतात." विषय संपला, गुण माणसाच्या नावावर आले. दत्तूनं मग म्हाताऱ्या बापाला कॅप्टन म्हणून होडीत बसवायला सुरुवात केली. म्हातारा डोक्यावर छत्री धरून मध्ये बसलेला आणि वल्हं, जाळं सगळं दत्तूच्या हातात. चेअरमननी म्हाताऱ्याच्या नावावर दोन गुण टाकले. म्हातारा इतका खूश झाला! काठीनं भिंतीवरचं नाव दाखवत फिरायचा, "बग, माजं नाव लावलंय हापिसावर." दत्तूनं आठवड्यात बापाला उतरवलं.

मी चेअरमनांना मनातून अर्धवट समजत होते, खोटं कशाला बोलू? पण तलावात सोडलेलं कटल्याचं, रोहूचं बोटाएवढं बीज आधी तीन महिन्यांत कुणाच्या तरी कालवणात जायचं, ते आता मोठं व्हायला लागलं होतं. नवी पेठेतले लोक पाहुणे आले की गाडी काढून मासा घ्यायला काठावर यायचे. हे दत्तूही मान्य करायचा, चेअरमन नसताना.

जाळी तपासायची ती दर शनिवारी सकाळी, काठावर. चेअरमन उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवायचे आणि जाळ्याच्या डोळ्यात घालायचे. मधल्या पेरापर्यंत सरळ गेली तर जाळं पास. अडकली तर दोन गुण. मी स्टीलची पट्टी आणते म्हटलं होतं. "नको. पट्टी विसरते, हरवते, कुणी मुद्दाम हरवतं. हात विसरून कुणी घरातून निघत नाही." सोसायटीनं तेच माप धरलं. कॅप्टन मंडळी जाळं घ्यायला शहरात जायची, तेव्हा दुकानदाराला सांगायची, चेअरमनच्या तीन बोटांचं दे.

चौथं वर्ष असेल. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी सहा जाळी नापास झाली. एका दिवसात सहा! एरवी महिन्यात एखादं व्हायचं. पुढच्या शनिवारी नऊ. चेअरमन सुन्न झाले. "चार वर्षं सांगतोय मॅडम, आणि सगळ्यांनी एकदम बेइमानी? माझ्यावर राग आहे, दुसरं काय." ते ऑफिसात नुसते बसून राहायचे, चहाचीही घोषणा होईना. लोकांनी थोडी कुरकूर केली, मग एकेकानं मोठ्या डोळ्याची नवी जाळी आणली. पास हातचा जाण्यापेक्षा ते बरं.

आणली नाही फक्त कमलबाईनं.

कमलबाई आमची एकुलती एक बाई कॅप्टन. पन्नाशीची, नवरा गेल्यावर त्याची होडी तिनं स्वतः चालवायला घेतली. तिच्या नावापुढं चार वर्षांत एक लाल रेघ नव्हती. भिंतीवरचा तेवढाच तुकडा स्वच्छ. जाळं विकत घ्यायची नाही, स्वतः विणायची. पहिल्या शनिवारी तिचं जाळं अडकलं तेव्हा ती हसली. "बगा परत, चेअरमन." त्यांनी परत बघितलं. अडकलं. दोन गुण. दुसऱ्या शनिवारी तेच जाळं, परत दोन. मी बाजूला घेऊन सांगितलं, "कमलबाई, एक नवीन जाळं घ्या ना. बारा झाले की पास जाईल. ऐन हंगामात काय कराल?"

"माजं जाळं बारीक न्हाय, म्याडम."

"अहो, बोटं जात नाहीत त्याला कोण काय करणार?"

"न्हाय जात, ते मला बी दिसतंय. पर जाळं बारीक न्हाय."

आता याला काय म्हणायचं? दोघंही सारखेच हट्टी. दर शनिवारी ती तेच जाळं पसरायची, ते तीच बोटं घालायचे, आणि मी कागदावर दोन गुण लिहून खाली साक्षीदार म्हणून सही करायची. सहाव्या शनिवारी बारा झाले. तिनं पास काढून टेबलावर ठेवला. चार जणांनी तिची होडी काठावर पालथी घातली, तिकडं ती बघत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती शहरात एका ओळखीच्या बाईकडं विड्या वळायला जायला लागली. त्या हातांना ते काम येत नव्हतं. निम्म्या विड्या परत यायच्या, असं ऐकलं.

त्या सहाही कागदांवर माझी सही आहे. एकदाही मला असं म्हणावंसं वाटलं नाही की थांबा, माझी बोटं घालून बघते. हे मला आजही खातं.

तिसऱ्या आठवड्यात ती ऑफिसात आली. चेअरमन खुर्चीत होते. ती बसली नाही.

"हात दावा," म्हणाली.

"कसला हात?"

"उजवा. तीन बोटं."

तिनं पिशवीतून एक लाकडाची पट्टी काढली. जाळं विणताना सगळे डोळे सारखे यावेत म्हणून दोरा जिच्यावर गुंडाळतात ती. वापरून वापरून काळी, गुळगुळीत झालेली. "तुमी चेअरमन झाला त्या सालला तुमच्या बोटांवर ठिवून तासून घेतलीया ही. तुमीच म्हनला हुता, कमलबाई, हेच माप, ह्याच्या आत न्हाय. आटवतंय का?"

"आठवतंय."

"माजं जाळं हिच्यावर इनलंय. ही लाकडाची हाय, आखडत न्हाय. ठेवा बोटं."

चेअरमननी बोटं ठेवली. ती पट्टीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आली. थोडीथोडकी नाही, चांगली दिसण्याइतकी.

मला वाटलं, आता म्हणतील पट्टी झिजली. पण त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. हात उलटा केला, निरखला. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पंज्यावर दाबलं. तिथं खड्डा पडला, आणि तो तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडं बघत होतो. भरून यायला बराच वेळ लागला.

"हे वयाचं न्हाय, चेअरमन," कमलबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. "माज्या सासऱ्याचं आसंच झालं हुतं. उद्याच्या उद्या डाक्टरला दावा."

ते उठले. "मॅडम, डिस्टेंपर आणा." मी डबा आणला, ते भिंतीपाशी गेले, ब्रश बुडवला. कमलबाई आडवी आली.

"पुसायचं न्हाय."

"अहो, तुमचे गुण काढतोय."

"तेच म्हनते, काडू नका. लोक म्हनतील, बाई रडली आन् माफी घिऊन आली. मी काय केलंच न्हाय, तर माफी कशाची? बाराच्या बारा ऱ्हाऊ द्या तितं. खाली लिवा, चूक कुनाची ते."

चेअरमन ब्रश धरून उभे. पांढरा रंग त्यांच्या पायावर ठिबकत होता. दाराशी पाच-सहा कॅप्टन जमले होते, दत्तू पुढं. एवढ्या वर्षांत चेअरमननी कुणापुढं माघार घेतलेली मी बघितली नव्हती. मला आपलं वाटत होतं, आता काहीतरी वाकडं बोलणार. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि लाल रंग मागितला. बारा रेघांखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: वरील गुण चुकीचे. चूक चेअरमनची. हात सुजलेला होता. खाली सही केली. मग वळून, स्टँडवर वाचावं तसं मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

कमलबाईची होडी सुलटी करायला त्या सुजलेल्या हातांनी तेही लागले. ज्यांनी विनाकारण नवी जाळी घेतली होती, त्यांनी चेअरमनना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

दवाखान्यात कळलं, चेअरमनांच्या किडन्या गेल्या होत्या. औषधं सुरू झाली, सूज उतरायची, परत चढायची. मी म्हटलं, आता हात सोडा की, ती लाकडी पट्टीच लावू जाळ्यांना. तर म्हणाले, "पट्टी कमलबाईंची. त्यांच्या पट्टीनं त्यांचंच जाळं मोजलेलं उद्या दत्तू मान्य करेल? आणि पट्टी काय, कुणीही पाठवून देईल. हातासाठी माणसाला काठावर यावं लागतं." मग नवीनच पद्धत पडली. शनिवारी आधी चेअरमनांचा हात मोजायचा, मग जाळी. सगळ्यांसमोर ते हात पुढं करायचे, कमलबाई पट्टी लावायची आणि "बसतंय" किंवा "बसत न्हाय" एवढंच म्हणायची. बसत नसेल तर तपासणी नाही, चेअरमन सरळ दवाखान्यात. मला पहिल्यांदा हसू यायचं. मग सवय झाली, आणि पुढं पुढं ती पट्टी पिशवीतून निघाली की मी आधी त्यांच्या हाताकडं बघायची.

दुसऱ्या हिवाळ्यात "बसत न्हाय" वाढायला लागलं. चार शनिवार तर ते आलेच नाहीत, शहरात डायलिसिस चालू होतं.

ते तलावावर शेवटचे आले तो पाचवा शनिवार. रिक्षा केली होती, मिसेस बरोबर होत्या. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, पायांत चप्पल जात नव्हती म्हणून कापडी सपाता. सतराही कॅप्टन काठावर हजर. कुणी बोलावलं नव्हतं. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी हात पुढं केला.

हात बघूनच कळत होतं, बसणार नाही. पट्टी लावायची काही गरजच नव्हती. पण कमलबाईनं लावली, आणि एरवीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवली.

"बसतंय," ती म्हणाली. "करा तपासनी."

दत्तूनं जन्मात पहिल्यांदा स्वतःहून जाळं पुढं आणून पसरलं. त्याचा डोळा इतका मोठा होता की त्यातून चेअरमनांचा अख्खा पंजा गेला असता. मुद्दाम तसलं आणलेलं दिसत होतं. "या, पयलं माजं बगा," तो म्हणाला.

चेअरमननी जाळ्याकडं बघितलं. स्वतःच्या हाताकडं, पट्टीकडं, मग कमलबाईकडं. बराच वेळ.

"मॅडम, लिहून घ्या," ते मला म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण शब्द सुटे होते. "कॅप्टन कमलबाई. माप खोटं सांगितलं. आपल्या तक्त्यात याला गुण नाहीत. दोन धरा."

"अहो चेअरमन, असू दे की," माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांच्या मिसेसनी तोंड फिरवलं.

"दोन धरा. आजची तपासणी रद्द आहे." थोडं थांबले, श्वास घेतला. "आजची तपासणी रद्द आहे."

मी कागद घेऊन तशीच उभी होते. कमलबाईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याजवळ आली.

"लिवा, म्याडम," ती म्हणाली. "हे दोन खरे हायेत."